बाकावरची पिशवी उचलून जागा देणाऱ्या माणसाचे आभार कसे मानावेत? मंडळीत नव्याने आलेल्यांसाठी

मी या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पहिल्यांदा आले तेव्हा पहिलं गीत सुरू झालेलं होतं. दाराशी उभी राहून मी रिकामी जागा शोधत होते. मधल्या रांगेतल्या एका बाईंनी मागे वळून पाहिलं, बाकावरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि मानेनेच ‘या’ म्हटलं. मी बसल्यावर त्यांनी गीतपुस्तक माझ्यापुढे सरकवलं आणि चालू ओळीवर बोट ठेवलं. दुसरं कडवं झालं, तिसरं झालं, बोट ओळीबरोबर पुढे सरकत राहिलं. उपासना संपेपर्यंत आम्ही एक शब्दही बोललो नव्हतो. फक्त उभं राहायची वेळ आली की त्या माझ्या कोपराला हळूच हात लावायच्या.

त्याआधी मी दुसऱ्या एका मंडळीत चार महिने जात होते. तिथली माणसं वाईट नव्हती. पण चार महिन्यांत माझं नाव कुणी विचारलं नाही. त्यामुळे पिशवी उचलून मांडीवर घेण्याची किंमत मला चांगली ठाऊक आहे.

त्या बाई आता माझ्या ताई आहेत. पहिलं वर्षभर ‘अहो ताई’, मग कधीतरी नकळत ‘अगं ताई’. त्यांचे आभार नीट मानायला मला फार वेळ लागला आणि मध्ये एक चूकही झाली, जिने त्यांना त्रास झाला. तुम्ही मंडळीत नवे असाल, तुम्हालाही अशी एखादी ताई, दादा, काकू किंवा तुमच्याच वयाची मैत्रीण भेटली असेल आणि मनातलं कसं सांगावं हे कळत नसेल, तर हे तुमच्यासाठी लिहिलं आहे. कुणी मंडळी म्हणतं, कुणी चर्च. कुणाकडे उपासना असते, कुणाकडे मिस्सा. पायऱ्या सगळीकडे याच राहतील.

पहिली पायरी: नेमकं काय केलं, ते लिहून ठेवा

आभार फिके पडतात ते बहुधा मोघम असल्यामुळे. ‘तुम्ही माझ्यासाठी खूप केलंत’ हे वाक्य कुणालाही म्हणता येतं. म्हणून आधी कागद घ्या आणि त्या माणसाने केलेल्या गोष्टी एकेका ओळीत लिहा. मोठ्या गोष्टी शोधत बसू नका, त्या आपोआप येतील. लहान लिहा. उपासनेचा क्रम चिठ्ठीवर लिहून दिला. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या, आधी हळूच सांगितलं, ‘इथे कोण घेतं, कोण घेत नाही ते असं असतं, तुम्ही नुसत्या बसून राहिलात तरी कुणी काही म्हणणार नाही.’ दुसऱ्या रविवारी माझ्या नावाने हाक मारली. मी तीन आठवडे आले नाही तेव्हा ‘का आला नाहीत?’ असं न विचारता ‘बऱ्या आहात ना?’ असं विचारलं.

त्या प्रभुभोजनाच्या गोष्टीवर थोडं थांबते. नव्या माणसाची सगळ्यात जास्त घालमेल होते ती त्या वेळी. बाजूची रांग उठते, आपण उठायचं की नाही ते कळत नाही. काही मंडळ्यांमध्ये फक्त तिथले सभासद घेतात, काहींमध्ये बाप्तिस्मा झालेलं कुणीही घेऊ शकतं, कॅथलिक चर्चमध्ये नियम आणखी वेगळे. हे आधी कुणी सांगितलं नाही तर माणूस एक तर चुकून उठतो नाहीतर भीतीने पुढच्या वेळी येतच नाही. जिने मला हे आधी सांगितलं तिने मला परत यायला धीर दिला. माझ्या यादीत ही ओळ पहिली होती आणि तिला ती आठवतसुद्धा नव्हती.

यादी करायचं खरं कारण हेच आहे. स्वागत करणारी माणसं हे सगळं इतक्या सहज करतात की आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात राहत नाही. तुम्ही सांगितलंत तर त्यांना कळतं.

दुसरी पायरी: समोरासमोर, लवकर आणि थोडक्यात

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. दहाही जण बरे झाले, परत आला एकच, आणि तो शोमरोनी होता, म्हणजे तिथे परकाच. बाकीचे नऊ कृतघ्न होते असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटतं, त्यातले काही ‘नंतर जाऊ’ म्हणाले असतील. नंतर जाणं राहून जातं, हे मी स्वतःवरून सांगते.

म्हणून वाट पाहू नका. बाप्तिस्मा होईल तेव्हा, सभासद होईन तेव्हा, नीट बोलता येईल तेव्हा, असं ठरवू नका. या महिन्यात सांगा. उपासना सुटल्यावर दाराशी गर्दी असते, पाळकसाहेबांशी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंशी, हस्तांदोलनासाठी रांग असते, तिथे नको. वाटेवर चालताना, खुर्च्या आवरताना, गीतपुस्तकं कपाटात ठेवताना सांगा. हातात काम असलं की ऐकणाऱ्यालाही अवघडल्यासारखं होत नाही.

यादीतली एकच गोष्ट निवडा. मी म्हटलं होतं: ‘ताई, पहिल्या दिवशी तुम्ही ओळीवर बोट ठेवलं नसतं तर मी दुसऱ्या गीतालाच उठून गेले असते.’ एवढंच. त्या म्हणाल्या, ‘अहो, त्यात काय!’ आपल्याकडे बहुतेक सगळे हेच म्हणतात. त्यावर ‘नाही नाही, तुम्हाला कल्पना नाही’ असं म्हणत वाद घालू नका. बोलणं पोहोचलेलं असतं.

आणखी एक अडचण आहे, ती आपल्या भाषेची. जवळच्या माणसाला ‘धन्यवाद’ म्हटलं की ते परकं वाटतं, ‘आभारी आहे’ म्हटलं की अर्जातलं वाटतं. आणि मंडळीत ‘उपकार’ हा शब्द देवासाठी आहे, उपकारस्तुती, म्हणजे आभार मानून केलेली स्तुती, त्याची. मग माणसाला काय म्हणायचं? सुरुवातीच्या मंडळ्यांना पत्रं लिहिणारा प्रेषित पौल आपल्या पत्रांमध्ये दोन्ही एका वाक्यात बसवतो. फिलिप्पैकरांना तो पहिल्याच अध्यायात सांगतो की तुमची आठवण होते तेव्हा मी देवाची उपकारस्तुती करतो. स्तुती देवाची, पण ती तुमच्यामुळे, आणि हे तुमच्या कानावर घालतो. हा मार्ग मला फार मोकळा वाटतो. ‘तुम्ही भेटलात म्हणून मी देवाचे आभार मानते’ असं म्हणताना तोंडात शब्द अडकत नाहीत, आणि ज्याला स्तुती सहन होत नाही अशा नम्र माणसालाही ते ऐकून घेता येतं.

तिसरी पायरी: पत्र

बोललेलं विरून जातं, लिहिलेलं पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, पानांत ठेवता येतं. ताईच्या पवित्र शास्त्रात माझं पत्र अजून आहे. ते तिथे आहे हे मला योगायोगाने कळलं, तिने दाखवलं नव्हतं.

पत्र कसं लिहावं हे शिकायचं तर योहानाचं तिसरं पत्र काढा. एकच अध्याय, वाचायला दोन-तीन मिनिटं. गायस नावाच्या माणसाला ते लिहिलेलं आहे, आणि कशासाठी? त्याने परक्या भावांना आपलं म्हटलं म्हणून. याच पत्रात दियत्रेफेस नावाचा एक माणूस आहे. त्याला मंडळीत पुढे पुढे करायला आवडतं, तो आलेल्यांना घेत नाही, जे घेतात त्यांनाही अडवतो. म्हणजे नव्या माणसाला बाकावर जागा मिळणं तेव्हाही आपोआप होत नव्हतं. कुणीतरी ते ठरवून करत होतं, आणि कुणीतरी शाई घेऊन त्याची दखल घेत होतं. पत्राच्या शेवटी लिहिणारा म्हणतो, पुष्कळ लिहायचं होतं पण शाईने नको, लवकर भेटू आणि समोरासमोर बोलू. आणि तिथल्या मित्रांना नावानिशी सलाम सांग.

दुसरं उदाहरण रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय. नुसती नावांची यादी म्हणून आपण तो भरभर उलटतो. वीसपेक्षा जास्त नावं आहेत, पण बऱ्याच नावांपुढे कारण दिलं आहे. प्रिस्का आणि अक्विला यांनी माझ्या जिवासाठी आपली मान धोक्यात घातली. फिबी पुष्कळांना, मलाही, साहाय्य करणारी झाली. आणि रूफाच्या आईबद्दल तो लिहितो की ती मलाही आईसारखी आहे. त्या बाईंचं नावसुद्धा आपल्याला माहीत नाही, पण त्यांनी पौलासाठी काय केलं ते दोन हजार वर्षं वाचलं जातंय. तुमच्या पत्रातही नावापुढे कारण लिहा.

माझं पत्र साधारण असं होतं:

‘प्रिय ताई, मी आले तेव्हा मला इथे कुणी ओळखत नव्हतं. तुम्ही पिशवी उचललीत, बोट ओळीवर ठेवलंत, आणि दुसऱ्या रविवारी माझं नाव लक्षात ठेवून हाक मारलीत. आई गेली त्या आठवड्यात तुम्ही आलात आणि काही न बोलता माझ्याजवळ बसून राहिलात. मला तेव्हा प्रार्थना करता येत नव्हती, तुम्ही माझ्या वाटची केलीत. मी रोज सकाळी तुमचं नाव घेते. उत्तर लिहू नका, रविवारी भेटूच.’

‘उत्तर लिहू नका’ हे मुद्दाम लिहा. नाहीतर समोरच्याला वाटतं आता आपल्यालाही काहीतरी लिहायला हवं, आणि आभाराचं ओझं होतं. वहीच्या साध्या पानावर, हाताने लिहा. मोबाइलवर पाठवलंत तरी चालेल, पण ते गटात नाही, एकटीला.

चौथी पायरी: मंडळीसमोर बोलायचं असेल तर आधी विचारा

माझी चूक इथे झाली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझ्या बाप्तिस्म्याच्या दिवशी पाळकसाहेबांनी साक्ष द्यायला, म्हणजे आपला विश्वासाचा अनुभव सगळ्यांसमोर सांगायला, सांगितलं. मी उभी राहिले आणि मन भरून ताईबद्दल बोलले. तिने माझ्यासाठी काय काय केलं ते सांगितलं, आणि सांगण्याच्या भरात तिच्या घरच्या एका दुःखाचा उल्लेख केला, जे तिने मला धीर देताना विश्वासाने सांगितलं होतं. मग म्हणाले, ‘या मंडळीत एकट्या ताईंनीच मला आपलं म्हटलं.’

ताई खाली मान घालून बसली होती. मला वाटलं, संकोच असेल.

त्या आठवड्यात मला दोन गोष्टी कळल्या. तिचं ते दुःख मंडळीत मोजक्याच लोकांना माहीत होतं. आता सगळ्यांना झालं. आणि ‘एकट्या ताईंनीच’ हे ऐकून मागच्या बाकावरच्या एक आजी घरी जाऊन रडल्या होत्या. त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या, त्यांना फारसं बोलताही येत नाही. पण मी आल्याच्या पहिल्या आठवड्यापासून बुधवारच्या प्रार्थनासभेत माझं नाव त्याच घेत होत्या. ज्या भाऊंनी दर रविवारी दार उघडून धरलं होतं त्यांनीही ते वाक्य ऐकलंच होतं.

मी ताईची क्षमा मागितली. ती म्हणाली, ‘माझ्याकडे नंतर ये, आधी आजींकडे जा.’ गेले. आजींनी माझे दोन्ही हात धरून ठेवले, बराच वेळ.

तेव्हा साक्षीत कुणाचं नाव घ्यायचं असेल तर त्या माणसाला आधी विचारा, आणि काय सांगणार ते वाचून दाखवा. तो नको म्हणाला तर ‘एका बहिणीने’ असं म्हणा; ज्याला कळायचं त्याला कळतं. तुम्ही तुमचं दुःख सांगू शकता, त्यांचं नाही. ‘एकट्या’, ‘फक्त’, ‘बाकी कुणी नाही’ हे शब्द काढून टाका, ते खरे वाटत असले तरी. नव्या माणसाला मंडळीतलं निम्मंच दिसत असतं. आणि दोन-तीन मिनिटांत संपवा. मंडळीसमोर सांगणं मुळात चांगलंच आहे. गायसने ज्यांना घरात घेतलं त्यांनी मंडळीपुढे त्याच्या प्रीतीची साक्ष दिली, असं त्याच पत्रात आहे. फक्त ती त्या माणसाला झेपेल अशी द्या.

भेटवस्तूबद्दल थोडंसं. लहान, हाताने केलेली, कारण नसताना दिलेली भेट चालते. महागडी नको. प्रेमाची फेड होऊ लागली की मैत्रीत हिशेब शिरतो, आणि पाळकांच्या घरच्या माणसांना किंवा मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांना मोठी भेट दिली तर त्यांना अवघड जातं.

पाचवी पायरी: त्यांनी ओळख करून दिलेल्या माणसांना खरंच भेटा

याला आभार कसं म्हणायचं, असं वाटेल. पण स्वागत करणाऱ्या माणसाची इच्छा तुम्ही मंडळीत रुजावं अशी असते. आयुष्यभर त्यांच्याच शेजारी बसून राहावं अशी नसते.

बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातला बर्णबा पाहा. त्याचं मूळ नाव योसेफ. प्रेषितांनी त्याला बर्णबा, म्हणजे बोधपुत्र, हे नाव दिलं. शौल, म्हणजे वरचा पौलच, यरुशलेमेत आला तेव्हा शिष्य त्याला घाबरत होते, आणि ते साहजिकही होतं, कारण आधी त्यानेच त्यांचा छळ केला होता. बर्णबाने त्याला जवळ घेतलं आणि प्रेषितांकडे नेलं. त्याची हकिकत त्यानेच त्यांना सांगितली. पुढे तो शौलाला शोधायला तार्सास गेला, त्याला अंत्युखियास आणलं आणि वर्षभर दोघांनी तिथे एकत्र काम केलं. शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा पडलं ते त्याच गावात. बर्णबाने शौलाला आपल्यापुरतं ठेवलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी अनेकदा करते.

ताईने पहिल्या दोन महिन्यांत मला सातआठ जणांपुढे उभं केलं. मी सगळ्यांना हसून नमस्कार केला आणि परत तिच्या शेजारी येऊन बसले. तिची बाक दोघींची झाली होती, तिच्या जुन्या मैत्रिणींना तिथे जागाच उरली नाही. हे तिने कधी बोलून दाखवलं नाही. तुम्ही असं करू नका. दर रविवारी एक नाव शिका, वहीत लिहा, पुढच्या रविवारी त्या नावाने हाक मारा. महिन्यातून एकदा दुसऱ्या बाकावर बसा. गायनमंडळ, संडे स्कूल, झाडलोट, जे जमेल त्या एका कामात हात घाला. काही दिवसांनी तुमची ताई मागे वळून पाहील आणि तुम्ही कुणाशी तरी बोलत असाल. तिला झालेला आनंद मी पाहिला आहे.

सहावी पायरी: त्यांचा रविवार चुकला तर तुम्ही विचारा

सगळ्यांची चौकशी करणाऱ्या माणसाची चौकशी कुणी करत नाही. सगळे धरून चालतात की त्या ठीक असतील. ताई एकदा लागोपाठ दोन रविवार आली नाही आणि मंडळीत कुणालाच कारण माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते माझ्या पत्राने कधी आलं नव्हतं.

तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात अनेसिफराबद्दल पौल हेच सांगतो: त्याला माझ्या बेड्यांची लाज वाटली नाही, आणि रोममध्ये आल्यावर त्याने मला कसून शोधलं. शोधून काढणं, हे फार थोडी माणसं करतात. तुमच्या मैत्रिणीला कोणत्या आठवड्यात कसला ताण असतो, कोणती तारीख जड जाते, हे एकदा कळलं की लक्षात ठेवा. त्या दिवशी जा. सल्ला द्यायला जाऊ नका, ऐकायला जा.

एक सावधगिरी

खरं स्वागत तुम्हाला मोकळं ठेवतं. कुणी प्रेमाने जवळ घेतलं म्हणून त्यांच्या सगळ्या मतांना होकार द्यायला, घाईने बाप्तिस्मा घ्यायला, ऐपतीबाहेर अर्पण द्यायला किंवा मंडळीतल्या एखाद्या वादात त्यांची बाजू घ्यायला तुम्ही बांधलेले नाही. ‘आम्ही तुझ्यासाठी एवढं केलं’ हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागत असेल, घरच्यांशी किंवा जुन्या मित्रांशी बोलणं तोडायला कुणी सांगत असेल, तर सावध व्हा आणि मंडळीबाहेरच्या एखाद्या विश्वासू माणसाशी बोला. कृतज्ञ असूनही ‘नाही’ म्हणता येतं. ताईने मला महिला मंडळाची चिटणीस हो म्हटलं होतं, मी नाही म्हटलं, पुढच्या रविवारी तिने नेहमीसारखीच जागा धरून ठेवली होती.

आणि ती व्यक्ती आता दुसरीकडे गेली असेल तर पत्र पाठवा. या जगात नसेल तर त्यांच्या मुलांना, भावंडांना सांगा. आपल्या आईने एका अनोळखी बाईसाठी काय केलं हे घरच्यांना सहसा ठाऊक नसतं.

सातवी पायरी: आता तुमची पिशवी

मंडळीत सहा महिने झाले की तुम्ही नवे राहत नाही. दाराकडे लक्ष जाईल अशा ठिकाणी बसा. पहिलं गीत सुरू झाल्यावर जो आत येतो, तो बहुधा नवा असतो किंवा ज्याला यायला जड गेलंय असा असतो. बाकावर काही ठेवलं असेल तर ते उचला. पहिल्या दिवशी आधीची मंडळी कोणती, ती का सोडली, लग्न झालंय का, असं काही विचारू नका. नाव विचारा आणि तुमचं सांगा. मुलं बरोबर असतील तर संडे स्कूल कुठे भरतं ते दाखवा, पण मूल सोडायला आईवडील तयार नसतील तर आग्रह नको. प्रभुभोजन असेल तर तुमच्या मंडळीचा नियम हळू आवाजात आधीच सांगा. घरी जाऊन नाव लिहून ठेवा. पुढच्या रविवारी ते लागणार आहे.

तुमच्या मैत्रिणीला हे दिसेल. कदाचित ती काही बोलणार नाही.

गीताचा क्रमांक सांगितला जाईल. नव्या माणसाच्या हातात पुस्तक असेल आणि तो पानं उलटत असेल. ते त्याच्या हातातून ओढून घेऊ नका. तुमचं उघडलेलं पुस्तक मध्ये धरा आणि चालू ओळीवर बोट ठेवा. कडवं बदललं की बोटही पुढे सरकवा.